चॅपरल क्षेपणास्त्र आणि ते चालवणाऱ्या अमेरिकी बटालियन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी भूदलाच्या डिव्हिजनसोबत फिरणाऱ्या विमानवेधी तुकड्यांबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं नाही. रणगाडे आणि लढाऊ विमानं यांच्यावर भरभरून वाचायला मिळतं, पण त्या रणगाड्यांच्या डोक्यावरचं आकाश सांभाळणारे जवान मात्र बाजूला राहतात. चॅपरलबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

चॅपरल म्हणजे नेमकं काय?

पट्ट्यांवर चालणाऱ्या गाडीवर बसवलेलं, कमी पल्ल्याचं, उष्णतेचा माग काढणारं विमानवेधी क्षेपणास्त्र. मागच्या सपाट भागावर फिरता बुरूज, बुरुजाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन क्षेपणास्त्रं आणि मधल्या काचेच्या कोठडीत गनर. चार क्षेपणास्त्रं डागायला तयार, आणखी आठ गाडीतच साठवलेली, म्हणजे एका गाडीसोबत बारा. सुरुवातीचा पल्ला पाच-सहा किलोमीटर होता, नंतरच्या आवृत्त्यांत तो नऊच्या आसपास गेला. खाली उतरून मारा करणारी विमानं आणि हेलिकॉप्टर हे तिचं लक्ष्य होतं. उंचावरच्या बॉम्बफेकी विमानांसाठी हॉक आणि नाइकी हर्क्युलिस अशा वेगळ्या यंत्रणा होत्या.

एम-४८ म्हणजे पॅटन रणगाडा ना? मग चॅपरललाही एम-४८ का म्हणतात?

हा गोंधळ आपल्याकडे जास्त होतो, कारण १९६५ च्या असल उत्तरच्या लढाईमुळे पॅटन हे नाव घराघरात पोचलं आहे. अमेरिकी पद्धतीत प्रत्येक प्रकारच्या सामग्रीला स्वतंत्र क्रमांक मिळतात, त्यामुळे एकच आकडा दोन वेगळ्या वस्तूंना लागू शकतो. एम-४८ रणगाडा आणि एम-४८ चॅपरल यांचा एकमेकांशी संबंध नाही. क्षेपणास्त्राचं नाव एमआयएम-७२. ते वाहून नेणारी गाडी एम-७३०, जी एम-५४८ या मालवाहू गाडीवरून, म्हणजे जवान वाहून नेणाऱ्या एम-११३ या चिलखती गाडीच्या कुटुंबातूनच आली. सगळं मिळून जी यंत्रणा होते ती एम-४८.

विमानातून डागायचं साइडवाइंडर जमिनीवर आणण्याची वेळ का आली?

कारण जे हवं होतं ते वेळेत तयार झालं नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी भूदलाला मॉलर नावाची यंत्रणा हवी होती: एकाच चिलखती गाडीत रडार, संगणक आणि क्षेपणास्त्रं, कोणत्याही हवामानात चालणारी. त्या काळच्या तंत्रज्ञानाला ते ओझं पेललं नाही आणि १९६५ मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला. तोवर आघाडीवरच्या सैन्याकडे खालून उडणाऱ्या विमानांविरुद्ध डस्टरसारख्या जुन्या तोफाच होत्या. मग 'तूर्तास काहीतरी' या हिशेबाने नौदलाचं साइडवाइंडर, त्यातलं एआयएम-९डी, हाताशी घेतलं गेलं.

साइडवाइंडर हे कॅलिफोर्नियातल्या चायना लेक इथल्या नौदलाच्या संशोधन केंद्राचं अपत्य. १९५८ मध्ये तैवानच्या सेबर विमानांनी त्याचा लढाईत पहिल्यांदा वापर केला. भारतीय हवाई दलाची त्याच्याशी गाठ पडली ती १९६५ मध्ये, पाकिस्तानच्या सेबर आणि स्टारफायटर विमानांवर.

विमानातून सुटणाऱ्या क्षेपणास्त्राला विमानाचा वेग आयता मिळतो. जमिनीवरून सुटताना मात्र शून्यातून वेग घ्यावा लागतो आणि वर चढायलाही इंधन खर्च होतं, म्हणून तेच अस्त्र जमिनीवर आलं की पल्ला कमी होतो. शेपटीच्या पंखांतही फरक केला गेला. साइडवाइंडरच्या चारही पंखांच्या टोकाला हवेने फिरणारी छोटी चाकं असतात, ती क्षेपणास्त्राला स्वतःभोवती गरगर फिरण्यापासून रोखतात. चॅपरलमध्ये अशी चाकं दोनच पंखांवर ठेवली आणि उरलेले दोन पंख साधे, पातळ, स्थिर केले. चॅपरलचं जवळून काढलेलं छायाचित्र मिळालं तर हे मुद्दाम पाहा.

ही यंत्रणा कोणत्या तुकड्यांकडे होती?

१९६९ पासून चॅपरल सैन्यात दाखल होऊ लागली आणि तिच्यासाठी 'चॅपरल-व्हल्कन बटालियन' उभ्या राहिल्या. साधारण रचना अशी की प्रत्येक डिव्हिजनमागे एक बटालियन, तिच्यात चार बॅटऱ्या, म्हणजे उपतुकड्या. दोन बॅटऱ्या चॅपरलच्या, दोन व्हल्कन तोफांच्या. एका बॅटरीत बारा गाड्या, म्हणजे बटालियनमध्ये चोवीस क्षेपणास्त्र-गाड्या आणि चोवीस तोफा-गाड्या. हवाई छत्रीधारी आणि हेलिकॉप्टरने उतरणाऱ्या डिव्हिजनना एवढ्या जड गाड्या परवडत नव्हत्या, त्या ओढून न्यायच्या व्हल्कन तोफांवर भागवत.

हे सगळं एअर डिफेन्स आर्टिलरी (एडीए) या शाखेत मोडत होतं. ही शाखा अमेरिकेत १९६८ मध्ये तोफखान्यापासून वेगळी झाली. प्रशिक्षण टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिस इथे चाले. चॅपरलच्या जवानाचा व्यवसाय-क्रमांक '१६ पी', व्हल्कनवाल्याचा '१६ आर', खांद्यावरून डागायच्या रेडआय आणि नंतर स्टिंगरवाल्याचा '१६ एस'. आजही त्या काळचे माजी सैनिक आपली ओळख सांगताना बटालियनच्या आधी हा क्रमांक सांगतात.

क्षेपणास्त्र असताना तोफा कशाला?

कारण दोघांची उणीव वेगळी. क्षेपणास्त्राला सुटून दिशा धरायला थोडं अंतर लागतं, चॅपरलच्या बाबतीत सुमारे पाचशे मीटर. त्याच्या आतलं विमान तिच्या हातातून निसटतं. व्हल्कन ही सहा नळ्यांची, २० मिलिमीटरची फिरती तोफ. तिचा मारा दीड किलोमीटरच्या आसपास, पण अगदी डोक्यावर आलेल्या हेलिकॉप्टरलाही ती धरू शकते. झाडीमागून अचानक वर येणाऱ्या हेलिकॉप्टरसमोर तोफ आणि दुरून येणाऱ्या विमानासमोर क्षेपणास्त्र, अशी वाटणी.

सोव्हिएत सैन्यानेही हेच केलं होतं. त्यांच्या मोटर रायफल रेजिमेंटच्या विमानवेधी बॅटरीत चार शिल्का तोफा आणि चार स्ट्रेला-१ क्षेपणास्त्र-गाड्या असत, पुढे स्ट्रेला-१ च्या जागी स्ट्रेला-१० आली. दोन्ही बाजूंचे अभियंते स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला आले, यावरून ही जोडी किती गरजेची होती ते कळतं.

'३/६१ एडीए' असं लिहिलेलं असतं. म्हणजे ६१व्या रेजिमेंटच्या सगळ्या बटालियन एकत्र असायच्या का?

नाही, आणि जुन्या तुकड्या शोधताना बहुतेकांची वाट इथेच चुकते. आपल्याकडे रेजिमेंटला प्रत्यक्ष मुख्यालय आणि सलग जीवन असतं. अमेरिकेत त्या काळी रेजिमेंटचा क्रमांक हा परंपरा, झेंडा आणि युद्धसन्मान जपण्यासाठी होता. प्रत्यक्षात ६१व्या एडीएची दुसरी बटालियन कोरियात २ऱ्या इन्फंट्री डिव्हिजनसोबत, तिसरी जर्मनीत ३ऱ्या आर्मर्ड डिव्हिजनसोबत आणि चौथी कोलोराडोतल्या फोर्ट कार्सनला ४थ्या इन्फंट्री डिव्हिजनसोबत होती. तिघींची गाठ पडण्याचं काही कारणच नव्हतं.

भर म्हणून ऐंशीच्या दशकात बहुतेक बटालियनची नावं बदलली. माणसं तीच, गाड्या त्याच, छावणी तीच, पण झेंडा नवा. ३ऱ्या आर्मर्डची ३/६१ झाली ३/५. १ल्या आर्मर्डची २/५९ झाली ६/३. ८व्या इन्फंट्रीची १/५९ झाली ५/३. २ऱ्या इन्फंट्रीची २/६१ झाली ५/५. म्हणून एकाच छावणीत सलग राहिलेला जवानसुद्धा दोन वेगळ्या बटालियनची नावं सांगू शकतो, आणि दोन्ही खरी असतात.

जर्मनीतल्या तुकड्यांचं काम काय होतं?

चॅपरलचं खरं आयुष्य पश्चिम जर्मनीतच गेलं. वॉर्सा करारातल्या देशांचं सैन्य आलं तर ते फुल्डाच्या खिंडीतून फ्रँकफर्टकडे येईल असा नाटोचा अंदाज होता, आणि त्या वाटेवर ३री आर्मर्ड डिव्हिजन उभी होती. तिची ३/६१ बटालियन ब्युडिंगन या गावात असे. इशारा मिळाला की ठरलेल्या वेळात गाड्या छावणीबाहेर काढायच्या, रानात पांगायच्या, जाळी टाकून झाकायच्या. हा सराव रात्री-अपरात्री होई आणि दर वेळी तो सरावच आहे की खरं, हे जवानांना आधी माहीत नसे.

सगळ्याच बटालियन डिव्हिजनसोबत नव्हत्या. रामस्टाइन आणि स्पांगडालेमसारख्या हवाई तळांच्या भोवती चॅपरल आणि व्हल्कन मांडून बसलेल्या बटालियनही होत्या. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर जमिनीवरच्या हवाई संरक्षणाकडे सगळेच गांभीर्याने पाहू लागले होते, कारण इजिप्त आणि सिरियाच्या क्षेपणास्त्र-तुकड्यांनी इस्रायली हवाई दलाला पहिल्या काही दिवसांत फार महागात पाडलं होतं.

गनर प्रत्यक्षात काय करायचा?

गाडीवर साधारण चार-पाच जण असत. थांबल्याशिवाय मारा करता येत नसे, म्हणून आधी जागा निवडायची: चहूबाजूंनी आकाश दिसेल आणि तरी आपण दिसणार नाही अशी. मग प्रवासातलं ताडपत्रीचं आच्छादन काढायचं, चालकाच्या केबिनवर ज्वाळांपासून वाचवणारं संरक्षण लावायचं आणि गनर कोठडीत शिरायचा. बाकीचे जवान दुर्बिणी घेऊन आपापला आकाशाचा तुकडा वाटून घ्यायचे.

विमान दिसलं की बाहेरचा जवान दिशा ओरडून सांगायचा आणि गनर बुरूज तिकडे वळवायचा. क्षेपणास्त्रं बुरुजासोबतच फिरत, म्हणजे गनर जिकडे पाहील तिकडे त्यांची तोंडं. दर्शकाच्या वर्तुळात विमान आलं की तो कानांवर भरवसा ठेवायचा. क्षेपणास्त्राच्या नाकातल्या थंड ठेवलेल्या शोधकाला इंजिनाची ऊब सापडली की कानातल्या फोनमध्ये सूर येई. ढगाची तापलेली कड किंवा सूर्यसुद्धा सूर देई, आणि खऱ्या लक्ष्याचा सूर कोणता ते सरावाने ओळखावं लागे. सूर पक्का झाला, विमान शत्रूचंच असल्याची खात्री पटली आणि ते टप्प्यात आहे असं वाटलं की कळ दाबायची. क्षेपणास्त्र सुटलं की पुढचा मार्ग त्याचा तेच शोधी आणि गनर दुसऱ्या लक्ष्याकडे वळू शकत असे.

यातलं 'टप्प्यात आहे असं वाटलं' हे फार कठीण. ताशी आठ-नऊशे किलोमीटरने येणारं विमान पाच किलोमीटरचं अंतर वीसेक सेकंदांत कापतं. तेवढ्यात ते दिसणं, ओळखणं, वळणं, ऐकणं आणि डागणं, सगळं बसवायचं. चॅपरल साधी यंत्रणा होती असं सहज लिहिलं जातं ते मला पटत नाही. यंत्र साधं होतं, पण त्यामुळे अवघड भाग सगळा माणसाच्या वाट्याला आला होता.

आपलंच विमान पाडलं जाऊ नये म्हणून काय व्यवस्था होती?

तीन गोष्टी एकत्र काम करत. पहिली म्हणजे मित्र की शत्रू हे रेडिओ-संकेताने विचारणारं उपकरण. दुसरी म्हणजे बटालियनचं स्वतःचं, 'फार' (एफएएआर) नावाचं छोटं रडार. गामा गोट नावाच्या सहाचाकी गाडीवर बसवलेलं हे रडार सुमारे वीस किलोमीटरपर्यंतची, खाली उडणारी विमानं टिपायचं आणि माहिती रेडिओने गाड्यांकडे पाठवायचं. जवानांकडे चौकटी आखलेली छोटी पेटी असे, ज्या चौकटीत विमान त्या चौकटीची खूण बदले, मित्र आणि अनोळखी वेगळ्या रंगांत. रडार क्षेपणास्त्राला दिशा देत नसे, फक्त माणसांना सांगे की आता कुठे पाहा.

तिसरी गोष्ट आदेशाची. 'वेपन्स होल्ड' म्हणजे स्वतःवर हल्ला झाल्याशिवाय किंवा खास आदेशाशिवाय डागायचं नाही. 'वेपन्स टाइट' म्हणजे शत्रू म्हणून पक्की ओळख पटली तरच. 'वेपन्स फ्री' म्हणजे मित्र म्हणून ओळख न पटलेल्या कुणावरही. म्हणूनच विमानांची चित्रं दाखवून ओळखायला लावणं हा या बटालियनच्या रोजच्या शिक्षणाचा भाग होता. पंख, शेपूट, हवा घेणारी तोंडं यांवरून क्षणात नाव सांगता आलं पाहिजे.

चॅपरलची मोठी कमजोरी कोणती होती?

पहिल्या आवृत्तीला विमानाचं तापलेलं बूड दिसावं लागे. म्हणजे समोरून येणाऱ्या विमानावर तिचा उपयोग जवळजवळ नाही. विमान बॉम्ब टाकून पाठ फिरवी तेव्हा चॅपरलची वेळ येई. शत्रूला परतीच्या वाटेवर पाडणं हेही मोलाचं, पण ज्या ताफ्याचं रक्षण करायचं तो तोवर मार खाऊन बसलेला. रात्र, धुकं आणि जर्मनीचा हिवाळा ही दुसरी अडचण, कारण सगळी भिस्त डोळ्यांवर.

उत्तरं टप्प्याटप्प्याने आली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या एमआयएम-७२सी मध्ये समोरूनही माग काढणारा नवा शोधक, सुधारलेला स्फोटक भाग आणि विमानाजवळ पोचताच स्फोट घडवणारी रडार-फ्यूज होती. हा बदल मला सगळ्यांत मोठा वाटतो, कारण यानंतर चॅपरल खऱ्या अर्थाने संरक्षण करू लागली. मग धूर न करणारं इंजिन आलं. आधीच्या इंजिनाच्या पांढऱ्या धुरामुळे गाडीची जागा शत्रूला कळे आणि गनरलाही पुढचं काही दिसेनासं होई. ऐंशीच्या दशकात उष्णतेवरून चित्र दाखवणारा कॅमेरा बसला आणि रात्रही कामाची झाली. शेवटच्या 'जी' आवृत्तीत स्टिंगरच्या तंत्रावर बेतलेला शोधक होता. शत्रूने सोडलेल्या फसव्या ज्वाळांना तो सहजी भुलत नसे.

युद्धात कधी वापर झाला का?

अमेरिकी चॅपरलने लढाईत शत्रूचं विमान पाडल्याची नोंद नाही. इस्रायलला १९७३ च्या युद्धाच्या सुमारास चॅपरल मिळाली आणि त्यानंतर गोलान भागात सिरियाचं एक मिग-१७ तिने पाडल्याचं सांगितलं जातं. एवढंच.

यावरून 'मग उपयोग काय झाला' असा प्रश्न हमखास येतो. विमानवेधी तुकडीचं यश पाडलेल्या विमानांवर मोजायचं नसतं. खाली चॅपरल आहे हे माहीत असलेल्या वैमानिकाला आपली उंची, वाट आणि बॉम्ब टाकायची पद्धत बदलावी लागते, आणि तेवढ्याने त्याचा नेम बिघडतो. ज्या जवानांनी नोकरीची सगळी वर्षं जर्मन चिखलात आकाशाकडे पाहत काढली, त्यांचं काम झालंच नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे.

अमेरिकेकडे रोलँड पण होती असं वाचलं. ती वेगळी का?

हो. चॅपरलला हवामानाची जी अडचण होती त्यावर उपाय म्हणून फ्रान्स आणि जर्मनीने मिळून बनवलेली रोलँड ही क्षेपणास्त्र-यंत्रणा अमेरिकेने घेतली. खर्च इतका वाढला की २७ प्रक्षेपक आणि ५९५ क्षेपणास्त्रांवरच थांबावं लागलं. ती सगळी न्यू मेक्सिको नॅशनल गार्डच्या (राज्याच्या राखीव दलाच्या) २००व्या एडीएच्या एकाच बटालियनकडे दिली गेली आणि १९८८ मध्ये निवृत्त झाली. या रेजिमेंटचा वारसा फार जड आहे. दुसऱ्या महायुद्धात न्यू मेक्सिकोची २००वी कोस्ट आर्टिलरी फिलिपिन्समध्ये होती आणि १९४२ मध्ये बटानच्या पडावानंतर जपान्यांच्या कैदेत गेली. कैद्यांना पायी नेलेल्या 'मृत्यूयात्रे'तून आणि पुढच्या कैदेतून कितीतरी जण परत आले नाहीत.

आणखी कोणत्या देशांनी चॅपरल वापरली?

इस्रायल, तैवान, इजिप्त, मोरोक्को, ट्युनिशिया, पोर्तुगाल यांनी. तैवानने ती जहाजांवरही चढवली. त्यांच्या कांग दिंग वर्गातल्या फ्रिगेटवर सी चॅपरल होती.

भारताकडे असं काही होतं का?

चॅपरल नव्हती, पण तिच्या तोडीची सोव्हिएत सामग्री आहे. आपल्या आर्मी एअर डिफेन्सकडे शिल्का तोफा आणि उष्णतावेधी स्ट्रेला-१०एम आहेत, म्हणजे तीच तोफ-क्षेपणास्त्राची जोडी. शिवाय ओसा-एके आहे, जिच्या सहाचाकी, पाण्यातूनही जाणाऱ्या गाडीवर रडार आणि सहा क्षेपणास्त्रं एकत्र असतात. मॉलरकडून अमेरिकेला जे हवं होतं त्याच्या ती बरीच जवळ जाते. मे २०२५ मधल्या ऑपरेशन सिंदूरच्या वेळी हवाई संरक्षणात ओसा-एकेचा वापर झाल्याचं सरकारी निवेदनात नमूद आहे.

आपल्याकडे ही शाखा तोफखान्यापासून स्वतंत्र झाली ती १० जानेवारी १९९४ रोजी. तिचं महाविद्यालय ओडिशात गोपाळपूरला आहे, पण त्याआधी हे शिक्षण नाशिकजवळ देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत मिळत असे. देवळालीत शिकलेले विमानवेधी तोफखान्याचे निवृत्त जवान महाराष्ट्रात गावोगाव भेटतात. कुणी ओळखीचे असतील तर त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवा.

चॅपरल कधी निवृत्त झाली आणि तिच्या जागी काय आलं?

नव्वदच्या दशकात. आधी डिव्हिजनमधून काढून ती कोअर पातळीवर (अनेक डिव्हिजन मिळून होणाऱ्या रचनेकडे) आणि नॅशनल गार्डकडे गेली, मग तिथूनही. 'तूर्तास' म्हणून आणलेली यंत्रणा जवळपास तीस वर्षं टिकली, याचं मोठं कारण तिच्या जागी यायच्या यंत्रणा एकेक करून रद्द होत गेल्या. व्हल्कनच्या जागी यायची सार्जंट यॉर्क तोफ १९८५ मध्ये बंद केली, त्यानंतर निवडलेली एडॅट्स क्षेपणास्त्र-यंत्रणाही बारगळली. शेवटी हमवी गाडीवर आठ स्टिंगर बसवलेली ॲव्हेंजर आली.

पुढे शत्रूकडे विमानंच नाहीत अशा युद्धांत अमेरिका गुंतली आणि डिव्हिजनच्या या बटालियन मोडीत निघाल्या. २०१४ नंतर युक्रेनमध्ये जे दिसलं त्यामुळे त्यांची आठवण झाली. २०१८ मध्ये जर्मनीत आन्सबाखला ५/४ एडीए पुन्हा उभी राहिली आणि २०२१ पासून तिला स्ट्रायकर गाडीवरची नवी यंत्रणा मिळाली. त्या यंत्रणेला आता सार्जंट स्टाउट म्हणतात. मिचेल स्टाउट हे व्हिएतनाममध्ये मार्च १९७० मध्ये आपल्या साथीदारांना वाचवताना ग्रेनेडच्या स्फोटात मारले गेले. एअर डिफेन्स आर्टिलरीत मेडल ऑफ ऑनर मिळालेले ते एकमेव सैनिक.

जुन्या छायाचित्रातली चॅपरल कोणत्या बटालियनची हे कसं ओळखायचं?

गाडीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला रंगवलेले आकडे पाहा. डावीकडे आधी डिव्हिजन, मग बटालियन. आकड्यानंतर छोटा त्रिकोण असेल तर आर्मर्ड डिव्हिजन. उजवीकडे बॅटरीचं अक्षर आणि बॅटरीतल्या गाडीचा क्रमांक. डावीकडे '३, त्रिकोण, ६१' असं काही दिसलं तर ती ब्युडिंगनची ३/६१ समजायला हरकत नाही, आणि छायाचित्र नावं बदलण्याआधीचं. त्याच डिव्हिजनच्या खुणेपुढे '५' असेल तर नंतरचं. क्षेपणास्त्रांचा रंग आणि धुराचा लोट यांवरून अंदाज बांधू नका, सरावासाठीची क्षेपणास्त्रं वेगळी असत. बुरुजावर गनरच्या कोठडीजवळ उष्णता-कॅमेऱ्याची पेटी दिसत असेल तर छायाचित्र ऐंशीच्या दशकातलं किंवा त्यानंतरचं आहे.